पाकिटातला राखणदार

भिवंडीतल्या नारपोलीच्या यंत्रमागावर ताण्याचे सूत चढते ते खळ पिऊनच. सायझिंगमध्ये सुतावर स्टार्चचा पातळ थर बसतो, म्हणून मागाच्या हिसक्यांत धागा तुटत नाही. पुढे प्रोसेस हाउसमध्ये हीच खळ उतरवायला अमायलेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, वापरतात. ते स्टार्चचे लांबलचक रेणू कातरते, सुताच्या सेल्युलोजला मात्र हात लावत नाही. आपल्या कामापुरतेच बोलणारा हा स्वभाव आता अन्नाच्या वेष्टनातही कामी येऊ शकतो.

पाकिटात अडकलेला ऑक्सिजन तेल खवट करतो, बुरशीला जगवतो. त्याच्यावर सोडायचे ते ग्लुकोज ऑक्सिडेज. १९२८ मध्ये डेटलेव्ह म्यूलर यांना ते ॲस्परजिलस नायजर या बुरशीत सापडले; कांद्याच्या सालीवर काळी पूड दिसते ना, तीच ही. हे विकर ग्लुकोज आणि ऑक्सिजन यांच्यापासून ग्लुकोनिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. जोडीचे कॅटलेज त्या पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. म्हणजे काही ऑक्सिजन परत आलाच. पण जेवढा खर्च झाला त्याच्या निम्माच. अशा फेऱ्या होत होत पाकिटातला ऑक्सिजन आटत जातो.

दुसरा गडी लायसोझाइम. १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते जगापुढे मांडले. अंड्याच्या पांढऱ्यात आणि आपल्या अश्रूंतही ते असते. जिवाणूंची पेशीभित्ती ते फोडते. मात्र ज्या जिवाणूंना वरून आणखी एक आवरण असते, त्यांच्यापुढे एकट्याचे फारसे चालत नाही.

मग अडते कुठे? प्लास्टिकची फिल्म ओढताना तापमान सहज दीडशे अंशांपुढे जाते आणि विकरे ही प्रथिने असल्याने बहुतेक तिथेच बाद होतात. म्हणून त्यांचा लेप तयार फिल्मवर मागाहून चढवतात किंवा पुडी आत टाकतात. त्यांना ओलही लागते. कोरड्या फरसाणाच्या पाकिटात ती नुसती बसून राहतील. शिवाय लोहचूर्णाच्या पुड्या हाच ऑक्सिजन स्वस्तात शोषतात.

खळ उतरवून झाली की अमायलेज धुऊन टाकतात. त्याने टिकावे अशी कुणाची अपेक्षा नसते. वेष्टनातल्या विकराला मात्र भिवंडीच्या पत्र्याच्या गोदामात, वैशाखातल्या दुपारी, आठवडे काढावे लागतील. त्यामुळे पनीर, चीज असा ओलसर आणि थंडीतच ठेवायचा माल त्याला आधी मानवेल. गोदामातल्या मालासाठी नव्या फिल्मची परीक्षा घ्यायची, तर ती प्रयोगशाळेतल्या फ्रिजपुरती ठेवून भागणार नाही.