लकव्यानंतरचा व्यायाम आणि हातातला मोबाईल

कयाधूकाठच्या नरसी नामदेवसारख्या गावात लकव्याचा रुग्ण हिंगोली-नांदेडच्या दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा जीव वाचलेला असतो. हात मात्र अजून परत मिळवायचा असतो. मेंदूचा रक्ताविना मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. त्याचे काम शाबूत भागांना शिकावे लागते, आणि ते शिकणे एकच कृती पुन्हा पुन्हा करून होते. पहिले काही महिने त्यासाठी फार मोलाचे. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांची जी पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात एका सत्रात हाताच्या उपयोगी कृती सरासरी अवघ्या ३२ वेळा होत असल्याचे दिसले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल घडायला अशी शेकडो आवर्तने लागली होती. सुसज्ज केंद्रांत ही स्थिती, तर ज्याला फिजिओथेरपीसाठी रोजची मजुरी बुडवून कुणीतरी जिल्ह्याच्या गावी न्यायचे, त्याचे काय होणार?

ही तूट यंत्राने भरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पुरावा मात्र सावध करतो. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत रोबोच्या साहाय्याने दिलेल्या व्यायामामुळे हाताच्या वापरात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारणा झाली नाही. त्याआधी २०१६ मध्ये १४१ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत व्हिडिओ गेम खेळणारे आणि पत्ते, डोमिनो असे साधे खेळ खेळणारे सारखेच सुधारले. माझ्या मते यातून खेड्याला धीर मिळावा, कारण महागडे यंत्र नाही म्हणून उपचार अडत नाही. वाटीतले हरभरे एकेक उचलणे, तांब्या धरणे, पदर खोचणे हाही व्यायामच; तो पुरेसा आणि योग्य रीतीने व्हायला हवा.

मग घरच्यांनाच शिकवावे, मोबाईलवर संदेश पाठवावेत, एवढ्याने भागेल का? आपल्याच देशाने हे तपासले आहे. १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांच्या ‘अटेंड’ चाचणीत (२०१७) एका गटातल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना व्यायाम शिकवला गेला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण एकतर दगावलेले किंवा परावलंबी होते. घरच्यांची माया कमी पडली, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण व्यायाम कधी वाढवायचा, कुठे थांबायचे, लुळा हात ओढून उठवल्याने खांदा निखळू शकतो, हे सतत पाहणारी जाणती नजर लागते. चार हजारांवर रुग्णांच्या ‘स्प्रिंट इंडिया’ चाचणीत एका गटाला एसएमएस, चित्रफिती आणि पुस्तिका दिल्या. त्यानेही पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटले नाही. याउलट अमेरिकेत ११ केंद्रांतल्या १२४ रुग्णांनी ३६ सत्रे केली, त्यातली निम्मी थेरपिस्टच्या देखरेखीखाली. घरी बसून व्हिडिओवर देखरेख झालेल्यांचा हात दवाखान्यात जाणाऱ्यांच्या तोडीने सुधारला. म्हणून माझे म्हणणे असे, की मोबाईलने थेरपिस्टची जागा घेऊ नये. थेरपिस्टची नजर घरापर्यंत आणावी.

फिजिओथेरपीत स्पर्श लागतो, हा आक्षेप खरा आहे. आखडलेला स्नायू पडद्यावर चाचपता येत नाही, म्हणून पहिली तपासणी आणि मधूनमधूनची भेट समोरासमोरच हवी. रेंज नसते, एकच फोन असतो आणि तोही मुलाबरोबर शेतात जातो, हेही खरे. पण देखरेखीसाठी सतत जोडणी लागतेच असे नाही: दोन मिनिटांचे चित्रीकरण संध्याकाळी पाठवता येते, उत्तर दुसऱ्या दिवशी आले तरी चालते. उपकेंद्रांतून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारी ‘ई-संजीवनी’ २०१९ पासून आहे. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. रुग्णाला घरी सोडतानाच त्याचे पुढचे व्हिडिओ-सत्र ठरावे, त्या वेळी उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी शेजारी असावेत. सर्वांत कठीण आक्षेप पैशाचा: हाच निधी फिजिओथेरपिस्ट नेमण्यात का घालू नये? घालावाच, आणि आधी तिथेच घालावा. पलीकडे पाहणारा माणूस नसेल, तर कॅमेऱ्यासमोर केलेल्या व्यायामाचा रुग्णाला उपयोग नाही.