तरवडाचा चहा

नवरात्रात घटावर तरवडाच्या पिवळ्याधमक फुलांची माळ चढते. दसरा झाला की हे झुडूप आपल्या लेखी पुन्हा बांधावरचं रान. सोलापूर, बीड, धाराशिवच्या मुरमाड माळांवर ते दिवाळीतही फुललेलं असतं. तेलंगणाचं हे राज्यफूल, बतुकम्माच्या सणात फुलांची रास रचताना हवंच; सोलापुरातल्या तेलुगू विणकर घरांतही बतुकम्मा होते. तमिळनाडूत ‘आवारम पू’ वाळवून त्याचा चहा करतात, श्रीलंकेत तोच ‘रणवरा’ म्हणून आवडीने पितात. आपल्याकडे मात्र हे फूल देवघरातच थांबलं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

फुलं खुडण्याआधी झाड नीट ओळखा, अगदी पानाच्या देठापर्यंत. तरवडाच्या एका पानाला पर्णिकांच्या साधारण 8 ते 12 जोड्या असतात. टोकं बोथट, आणि जोडीजोडीच्या मध्ये दांड्यावर बारीक उभी गाठ. देठ फांदीला जिथे मिळतो, तिथे कानाच्या पाळीसारखी गोलसर हिरवी उपपर्णं दिसतात. ही पक्की खूण. फूल पाच पाकळ्यांचं, कडा चुरगळलेल्या, मधोमध लांब वाकडे पुंकेसर. शेंग चपटी, पातळ. वाळली की कागदासारखी.

एवढी चिकित्सा कशासाठी? कासविंदाही पिवळाच फुलतो आणि तरवडाच्या जवळच्या नात्यातला आहे. त्याच्या पर्णिका चार-पाच जोड्या, टोकदार. पान चुरगाळलं की उग्र वास येतो. पश्चिम उत्तर प्रदेशात दर हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुलं दगावत होती. मेंदूज्वर समजून वर्षानुवर्षं उपचार झाले. 2007 च्या सुमारास डॉक्टरांनी शोधून काढलं, की मुलांनी खेळताखेळता कासविंदाच्या बिया खाल्ल्या होत्या. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हीदेखील जहाल विषारी. तिचं फूल नरसाळ्यासारखं आणि देठ तोडला की पांढरा चीक येतो. थोडीही शंका असली तर फूल झाडावरच राहू द्या.

हमरस्त्याच्या कडेची आणि फवारणी झालेल्या कापूस-तुरीच्या बांधावरची फुलं नकोतच. दव सुकल्यावर, सकाळी, पूर्ण उमललेली फुलं घ्यावीत. एकाच झुडपाला ओरबाडू नये. या फुलांत मध नसतो. भुंगे अंग थरथरवत पुंकेसरांतले पराग झाडून नेतात, त्यांचाही वाटा तिथे आहे. घरी आल्यावर फुलं सुपात झटकली की मुंग्या निघून जातात. मग सुती कापडावर, सावलीत, एकेरी पसरायची. पाकळी बोटांत चुरचुरली की वाळली. काचेच्या कोरड्या बरणीत भरा.

दोन कप पाण्याला चमचाभर वाळलेली फुलं पुरे. पाणी उकळलं की फुलं टाकून मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा, झाकून मुरू द्या, गाळा. आवडत असल्यास आल्याचा छोटा तुकडा. दूध मात्र नको.

मधुमेहावर हा चहा रामबाण, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. उंदरांवरच्या प्रयोगांत साखर उतरल्याचं दिसलं आहे, पण तेवढ्यावर गोळी बंद करणं धोक्याचं. साखरेची किंवा फिटची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तो टाळावा. धडधाकट माणसानेही अधूनमधून कपभर घ्यावा, रोजचा रतीब नको.

चव किंचित तुरट असते. श्रीलंकेत असे फुलांचे काढे पिताना गुळाचा खडा सोबत देतात, कपात विरघळवत नाहीत. एक घोट, मग खड्याचा एक चावा. तरवडाला हीच रीत मला सगळ्यात मानवते.