उपचारात्मक भरतकाम

उपचारात्मक भरतकाम म्हणजे मनावरील ताण हलका करणे, आजारातून वा शोकातून सावरणे किंवा हाताच्या हालचाली सुधारणे या हेतूने केलेले भरतकाम होय. गोधडी शिवणे, कापडाचे तुकडे जोडून चित्र रचणे, लोकरीचे विणकाम इत्यादी वस्त्रकलांचाही या संज्ञेत व्यापक अर्थाने समावेश केला जातो. व्यवसायोपचार आणि कलोपचार या दोन्ही शाखांमध्ये या कलांचा उपयोग होत आला आहे. मात्र कोणत्याही उपचारकाच्या सूचनेशिवाय, तुरुंगात, रुग्णालयात किंवा घराच्या ओसरीवर बसून लोकांनी सुईदोऱ्याचा आधार घेतल्याची उदाहरणे त्याहून पुष्कळ जुनी आहेत. या उदाहरणांचा एकत्रित विचार केला असता असे दिसते की, भरतकामातील दिलासा केवळ टाक्यात नसतो. काय भरायचे, कधी भरायचे आणि कोणासाठी भरायचे हे ठरवण्याचा अधिकार भरणाऱ्याकडे असणे हा त्या दिलाशाचा महत्त्वाचा भाग असतो.

स्वरूप

भरतकामाचे साहित्य अल्प असते. कापड, सुई, रंगीत दोऱ्याची लडी, कापड ताणून धरणारी लाकडी रिंग आणि कात्री एवढ्यावर काम सुरू होते. नवशिक्यांना बहुधा धावदोरा, साखळी टाका, देठटाका आणि गाठीचा टाका आधी शिकवले जातात. फुलीटाक्यासाठी मॅटीचे कापड वापरतात. त्याची वीण चौकटीची असल्याने टाके मोजून घालता येतात आणि चित्रकला येत नसलेल्या व्यक्तीलाही नक्षी साधते.

या कामाची मन शांत करणारी म्हणून पुढील वैशिष्ट्ये सांगितली जातात.

पहिले वैशिष्ट्य पुनरावृत्तीचे. एकच हालचाल ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा होत राहते. तिला लक्ष द्यावे लागते, परंतु बुद्धीवर फार ताण पडत नाही. हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी, कामाची कठीणता आणि करणाऱ्याचे कौशल्य यांचा मेळ बसला म्हणजे मनुष्य त्या कामात तल्लीन होतो व त्याला काळाचे भान राहत नाही, असे प्रतिपादन केले. भरतकाम करणाऱ्या अनेकांचा अनुभव या वर्णनाशी जुळतो.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे चूक दुरुस्त करता येणे. चुकलेला टाका उसवता येतो आणि तेच कापड पुन्हा वापरता येते. ज्याच्या आयुष्यातील एखादी घटना कधीच परत फिरवता येणार नाही, अशा व्यक्तीला हातातील कामापुरती का होईना, ही मुभा मोलाची वाटू शकते.

तिसरे वैशिष्ट्य दृश्य प्रगतीचे. दिवसभरात बोटभर वेल भरून झाली, तरी ती डोळ्यांना दिसते आणि हातांना लागते. दीर्घ आजारात दिवस एकसारखे वाटू लागतात, तेव्हा कालच्यापेक्षा आज काही पुढे गेले याची ही खूण ठरते.

चौथे वैशिष्ट्य सहवासाचे. एकत्र बसून शिवताना नजर कामावर असते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याची सक्ती नसल्याने बोलणे सोपे होते आणि गप्प राहिले तरी अवघडलेपण येत नाही.

इतिहास

बंदिवासातील भरतकाम

स्कॉटलंडची राणी मेरी हिला १५६८ पासून १५८७ मध्ये मृत्युदंड दिला जाईपर्यंत इंग्लंडमध्ये नजरकैदेत ठेवण्यात आले होते. या काळातील पुष्कळ वेळ तिने भरतकामात घालवला. तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अर्ल ऑफ श्रूजबरी यांची पत्नी एलिझाबेथ टॅलबट (बेस ऑफ हार्डविक) हीसुद्धा काही काळ तिच्यासमवेत भरतकाम करीत असे. प्राणी, पक्षी, वनस्पती आणि सांकेतिक चिन्हे असलेले त्यांचे अनेक तुकडे पुढे मोठ्या पडद्यांवर जोडण्यात आले. ते 'ऑक्सबर्ग पडदे' या नावाने ओळखले जातात.

दुसऱ्या महायुद्धातील चांगी येथील गोधड्या हे या परंपरेतील अधिक स्पष्ट उदाहरण होय. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानी सैन्याच्या ताब्यात गेल्यावर तेथील युरोपीय नागरिकांना चांगी तुरुंगात डांबण्यात आले. स्त्रिया व मुले यांना पुरुषांपासून वेगळे ठेवले गेले. आपला पती किंवा पिता जिवंत आहे की नाही, हे अनेकींना ठाऊक नव्हते. एथेल मुलव्हेनी या कॅनेडियन स्त्रीच्या पुढाकाराने कैदेतील स्त्रियांनी गोधड्या करण्याचे ठरवले. प्रत्येकीला पांढऱ्या कापडाचा एक लहान चौकोन देण्यात आला. त्यावर स्वतःविषयी काहीतरी भरावे आणि आपले नाव घालावे, अशी कल्पना होती. असे ६६ चौकोन जोडून एकेक गोधडी तयार झाली.

या गोधड्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी म्हणून करण्यात आल्या. ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैनिकांसाठी प्रत्येकी एक आणि जपानी जखमींसाठी एक, अशा तीन गोधड्या आज उपलब्ध आहेत. वरवर पाहता ते वेळ घालवण्याचे काम होते. परंतु कापडावरील प्रत्येक नाव म्हणजे ती स्त्री जिवंत असल्याचा निरोप होता आणि तो पहारेकऱ्यांच्या नजरेसमोरून पुरुषांच्या छावणीपर्यंत जाऊ शकत होता. यांपैकी दोन गोधड्या कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकात आणि एक ब्रिटिश रेडक्रॉसच्या संग्रहात आहे.

मनोरुग्णालये

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मनोरुग्णांना साखळदंडात ठेवण्याऐवजी त्यांना माणुसकीने वागवावे आणि नियमित कामात गुंतवावे, असा विचार पुढे आला. इंग्लंडमध्ये क्वेकर पंथीय विल्यम ट्यूक यांच्या प्रयत्नाने १७९६ मध्ये सुरू झालेले यॉर्क येथील 'रिट्रीट' हे या विचाराचे प्रसिद्ध केंद्र होय. पुढील शतकात अनेक मनोरुग्णालयांत स्त्री-रुग्णांना शिवणकाम देण्यात येऊ लागले. यात उपचाराचा हेतू होता, तसाच संस्थेचे कपडे फुकट शिवून घेण्याचा व्यवहारही होता.

जर्मनीतील ॲग्नेस रिश्टर हिचे जाकीट या दोन्ही बाजू एकाच वेळी दाखवते. ती व्यवसायाने शिवणकाम करणारी होती. १८९५ च्या सुमारास, ह्युबर्टसबर्ग येथील मनोरुग्णालयात असताना तिने संस्थेच्या कापडाचे जाकीट शिवले आणि त्यावर आतून-बाहेरून रंगीत दोऱ्याने अक्षरे भरली. 'मी' आणि 'माझे' या अर्थाचे शब्द त्यात वारंवार येतात. ओळी एकमेकींवर चढलेल्या असल्याने सर्व मजकूर आजही वाचता येत नाही. ज्या ठिकाणी रुग्णाला स्वतःचे वस्त्रही निवडता येत नव्हते, तेथे तिने संस्थेने दिलेल्या कापडावर स्वतःचे अस्तित्व टाक्यांनी नोंदवले. हे जाकीट हायडेलबर्ग येथील प्रिन्झहॉर्न संग्रहात जतन केलेले आहे.

युद्धात जखमी झालेले सैनिक

भरतकाम हे केवळ स्त्रियांचे काम होय, ही समजूत पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात काही प्रमाणात बाजूला पडली. हातपाय गमावलेल्या किंवा युद्धाच्या आघाताने मन खचलेल्या सैनिकांना ब्रिटनमधील रुग्णालयांत भरतकाम शिकवले गेले. अंथरुणावर पडून करता येणारे, बोटांना व्यायाम देणारे आणि चार पैसे मिळवून देणारे काम म्हणून त्याची निवड झाली. अपंग सैनिकांच्या भरतकामासाठी लंडनमध्ये एक स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली. अभिनेते अर्नेस्ट थेसिजर यांचा तिच्या कामात महत्त्वाचा वाटा होता. ते स्वतः युद्धात हाताला जखमा झालेले सैनिक आणि निष्णात भरतकाम करणारे होते.

लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमधील वेदीचे वस्त्र ही या प्रयत्नांची स्मरणीय निर्मिती होय. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व दक्षिण आफ्रिका येथील शंभराहून अधिक जखमी सैनिकांनी आपापल्या रुग्णालयांत त्याचे भाग भरले आणि ते नंतर जोडण्यात आले. १९१९ मध्ये शांततेनिमित्त झालेल्या प्रार्थनासभेत ते वापरले गेले.

व्यवसायोपचार आणि भारत

हस्तव्यवसायांचा उपचारासाठी शास्त्रशुद्ध उपयोग करणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था अमेरिकेत १९१७ मध्ये स्थापन झाली आणि व्यवसायोपचार ही वैद्यकाची पूरक शाखा म्हणून आकारास आली. भारतात या शाखेचा पाया मुंबईत घातला गेला. मूळच्या अमेरिकन व विवाहानंतर भारतीय झालेल्या कमला निंबकर (पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी) यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. आज या शाखेचा आवाका दैनंदिन जीवनातील सर्व क्रियांपर्यंत विस्तारला आहे. त्यात शिवण व भरतकाम हे अनेक साधनांपैकी एक आहे.

शोक आणि स्मरण

चिलीमध्ये सप्टेंबर १९७३ मधील लष्करी उठावानंतर हजारो लोकांना अटक झाली आणि अनेकांचा पत्ताच लागला नाही. बेपत्ता झालेल्यांच्या माता, पत्नी व बहिणी सान्तियागो येथे चर्चच्या आश्रयाने एकत्र येऊन तरटाच्या कापडावर चिंध्यांची चित्रे शिवू लागल्या. या चित्रांना 'आर्पियेरा' म्हणतात. रिकामी खुर्ची, तुरुंगाचे दार, 'ते कोठे आहेत?' असा प्रश्न घेऊन उभ्या असलेल्या स्त्रिया हे त्यांचे विषय होते. काहींनी बेपत्ता व्यक्तीच्या कपड्यांचेच तुकडे वापरले. ही चित्रे परदेशात विकली जात. त्यांतून घरखर्चास हातभार लागे आणि देशात उघडपणे बोलता न येणारी गोष्ट जगापुढे येई.

अमेरिकेत एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ १९८७ मध्ये सुरू झालेली गोधडी हे याच जातीचे दुसरे उदाहरण होय. तिचा प्रत्येक तुकडा ३ फूट रुंद व ६ फूट लांब, म्हणजे साधारणपणे थडग्याएवढा असतो. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टन येथे ती प्रथम पसरण्यात आली, तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. ज्यांच्या मृत्यूचे कारणही उच्चारण्यास समाज कचरत होता, त्यांची नावे आप्तमित्रांनी कापडावर घातली.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात या विषयाशी सर्वांत जवळचे नाते गोधडीचे आहे. जुनी लुगडी, धोतरे व कपड्यांच्या चिंध्या एकावर एक रचून धावदोऱ्याने ती शिवली जाते. शेतीच्या कामातून उसंत मिळाली, की शेजारणी जमत आणि गोधडीच्या चारी कडांना बसून टाके घालत. गरज आणि काटकसर ही या कामामागची कारणे होती. त्याला उपचार असे कोणी म्हटले नाही. तरीही एकत्र बसणे, सुखदुःख बोलणे, ठरावीक लय आणि शेवटी ऊब देणारी वस्तू हे सारे घटक त्यात आढळतात. घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांचे वस्त्र गोधडीत घालण्याची रीत ही स्मरणाचीच एक पद्धत आहे.

बाळंतविड्यातील कुंची, झबली, टोपडी आणि दुपटी घरी शिवण्याच्या प्रथेतही येणाऱ्या बाळाविषयीची उत्सुकता व काळजी हातांना काम देऊन पेलली जात असे. बंजारा स्त्रियांचे आरसे व कवड्या लावलेले भरतकाम ही राज्यातील आणखी एक समृद्ध परंपरा आहे.

शिवण हे सावरण्याचे साधन आहे, हा विचार समाजसुधारणेच्या चळवळीतही दिसतो. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि रमाबाई रानडे यांनी वाढवलेल्या सेवासदन या संस्थेत स्त्रियांना इतर शिक्षणाबरोबर शिवणकामही शिकवले जाई. तेथे दिलासा आणि स्वावलंबन या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नव्हत्या.

संशोधन

वस्त्रकलांच्या परिणामांविषयी उपलब्ध असलेले पुष्कळसे संशोधन विणकामाविषयी किंवा एकंदर कलानिर्मितीविषयी आहे. ब्रिटनमधील व्यवसायोपचारविषयक नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३,५४५ विणकाम करणाऱ्या व्यक्तींनी भाग घेतला. वारंवार विणणाऱ्यांनी शांत व आनंदी वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठातील २०१६ च्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलानिर्मिती केली. त्यांच्यापैकी सुमारे तीनचतुर्थांश व्यक्तींच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण कमी झालेले आढळले.

हे निष्कर्ष जपून वाचावे लागतात. पहिल्या पाहणीतील व्यक्ती मुळातच विणकामाची आवड असणाऱ्या होत्या आणि त्यांनी स्वतःविषयी स्वतःच माहिती दिली होती. दुसऱ्या अभ्यासात चित्रे, चिकटचित्रे व माती यांचा वापर झाला होता, भरतकामाचा नव्हे. त्यामुळे भरतकामाने अमुक आजार बरा होतो, असे विधान या अभ्यासांच्या आधारे करता येत नाही.

मर्यादा व आक्षेप

नैराश्य, तीव्र चिंता किंवा आघातोत्तर विकार यांवरील वैद्यकीय उपचारांना भरतकाम हा पर्याय नाही. त्याचे स्थान पूरक आहे. दीर्घकाळ खाली मान घालून बसल्यास मान, पाठ व डोळ्यांवर ताण येतो. पुरेसा उजेड आणि मधूनमधून विश्रांती आवश्यक असते. स्वतःला इजा करून घेण्याचा धोका असलेल्या रुग्णाच्या हाती सुई व कात्री देखरेखीशिवाय देता येत नाहीत.

यापेक्षा मूलगामी आक्षेप सामाजिक आहे. ब्रिटिश लेखिका रोझिका पार्कर यांनी १९८४ मध्ये प्रकाशित झालेल्या 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' या ग्रंथात असे दाखवले की, मुलींना आज्ञाधारक, शांत व घरापुरते राहण्याचे वळण लावण्यासाठी भरतकामाचा शतकानुशतके वापर झाला. त्याच सुईने स्त्रियांनी प्रतिकारही केला, हेही त्यांनी नमूद केले. मुलीने मान खाली घालून निमूट भरत बसणे याला शांती म्हणायचे की शिस्त, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

आर्थिक बाजूही विचारात घ्यावी लागते. नगावर मजुरी घेऊन घरी भरतकाम करणाऱ्या असंख्य स्त्रियांना नक्षी, रंग, वेग आणि मोबदला यांपैकी काहीच ठरवता येत नाही. त्यांच्यासाठी तोच टाका थकवणारा असतो. छंद म्हणून भरणाऱ्या स्त्रीच्या हातातील सुई आणि मध्यस्थाच्या मुदतीत काम पुरे करणाऱ्या स्त्रीच्या हातातील सुई सारखीच असली, तरी त्या दोघींचा अनुभव सारखा नसतो. म्हणून या कलेच्या उपचारात्मक गुणाविषयी बोलताना काम स्वेच्छेने केले जात आहे का आणि त्याचा योग्य मान व मोल मिळते का, या प्रश्नांनाही महत्त्व दिले जाते.

हे सुद्धा पहा

गोधडी
कशिदाकारी
व्यवसायोपचार
कलोपचार
कांथा