किल्लीविना सुरू होणारी मोटार

थंडीच्या दिवसांत सकाळी अॅम्बेसडर सुरू करण्याचा सोहळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या लेखाचा विषय चटकन कळेल. आमच्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलाच गारठा असतो. शेजारचे वकीलसाहेब चोक ओढून सेल्फ मारीत. दोन-तीनदा घरघर होऊन बॅटरी मान टाकी. मग डिकीतून लोखंडी हँडल बाहेर येई आणि आम्हा पोरांपैकी जो थोराड असेल त्याला ते फिरवण्याचा मान मिळे. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, ही ताकीद दर वेळी नव्याने मिळे. एंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते.

ही मनगटे वाचवली चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने. १९११ साली त्याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसवला गेला. गाडी सुरू करणारा हात त्यामुळे एंजिनासमोरून उठून चालकाच्या आसनापर्यंत आला. आता तो तेथूनही उठला आहे आणि घरातल्या खिडकीपर्यंत पोचला आहे. खिशातल्या डबीचे बटण दाबावे आणि अंगणातली गाडी आपोआप सुरू व्हावी, अशी सोय कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या थंड भागात आता नित्याची झाली आहे. २००४ च्या शेवरोले मालिबूपासून अमेरिकेतील काही गाड्यांत ती कारखान्यातूनच येऊ लागली. ज्यांच्या गाडीत नसते ते बाजारातून पेटी आणून बसवून घेतात. अशी पेटी बसवताना मी जवळून पाहिली, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा भाचा कॅनडातील विनिपेग या शहरी असतो. जानेवारीत तेथे पारा उणे ३० अंशांखाली उतरणे ही बातमी होत नाही. वाहनतळावर प्रत्येक गाडीसमोर विजेचा प्लग असतो. तो कशासाठी, हे मला प्रथम उमगेना. रात्रभर एंजिन कोमट ठेवणारी शेगडी त्यावर लावतात! थंडीत दोन गोष्टी एकदम बिघडतात. तेल काकवीसारखे घट्ट झाल्याने एंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावून तिची ताकद उणे १८ अंशांना सुमारे निम्म्यावर येते. म्हणून तिकडे बॅटरी घेताना तिच्यावरचा एक आकडा आवर्जून पाहतात. उणे १८ अंश तापमानात, व्होल्टता ७.२ च्या खाली जाऊ न देता, ती ३० सेकंद किती अँपिअर प्रवाह देऊ शकेल, ते हा आकडा सांगतो. एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. दुरून सुरू करणाऱ्या पेटीने अशक्त बॅटरीला बळ येत नाही. ती पेटी माणसाचे बाहेर जाणे वाचवते, एवढेच. काचेवरचा बर्फ सुटतो, आसन कोमट होते आणि सकाळची दहा मिनिटे सुखाची जातात.

एका रविवारी भाच्याने ही पेटी आणली. पुस्तकाच्या आकाराचा काळा डबा, त्यातून निघालेल्या रंगीबेरंगी वायरी, एक लहानसा अँटेना आणि बटणाची डबी. ‘‘मामा, तुम्ही भौतिकशास्त्राचे, तुम्ही मीटर धरा,’’ असे म्हणून त्याने मला कामाला लावले.

पेटीचे मूळ काम अगदी साधे असते. किल्ली फिरवणारा हात जे करतो त्याची ती नक्कल करते. किल्लीच्या खाचेमागे वायरींचा एक जुडगा असतो. त्यातली कोणती कशाची हे रंगावरून ठरवू नये, कारण प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. मीटरने मात्र ती लगेच ओळखता येते. जी वायर किल्ली काढलेली असतानाही १२ व्होल्ट दाखवते ती थेट बॅटरीची. जी ‘ऑन’वर जिवंत होते आणि सेल्फ मारतानाही जिवंतच राहते ती इग्निशनची. जी ‘ऑन’वर जिवंत असते पण सेल्फ मारताना क्षणभर मरते ती पंखा, रेडिओ इत्यादींची, सगळी वीज स्टार्टरला मिळावी म्हणून त्या क्षणी त्यांचा पुरवठा तोडलेला असतो. आणि जी फक्त सेल्फ मारतानाच जिवंत होते ती स्टार्टरची. चार वायरी आणि किल्लीच्या चार अवस्था. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला अर्ध्या तासात उलगडेल असे हे कोडे आहे. बटण दाबताच रेडिओलहरींचा संकेत पेटीला मिळतो, मग तिच्यातले रिले याच चार वायरींना योग्य क्रमाने वीज देतात आणि गाडीला वाटते की कोणी किल्ली फिरवली.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे मेकॅनिक एका टोकाला दिवा लावलेली वायर घेऊन सगळीकडे टोचत हिंडतात. नव्या गाडीत असे करू नये. दिवा पेटायला प्रवाह लागतो, आणि संगणकाच्या नाजूक वायरीतून तेवढा प्रवाह ओढला तर संगणक दगावू शकतो. हवेच्या उशीच्या, म्हणजे एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या आवरणातल्या वायरींना तर हातच लावू नये. जोड डाख देऊन किंवा नीट दाबून करावेत. या वायरींतून वीस-तीस अँपिअर वाहतात. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड काही महिन्यांत सैल होतो आणि तापू लागतो.

दुसरा अडसर चोराला अडवण्यासाठी ठेवलेला असतो. किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. तिचा सांकेतिक क्रमांक जुळल्याखेरीज गाडीचा संगणक एंजिन चालू देत नाही. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना अशी व्यवस्था सक्तीची आहे. मग किल्ली नसताना पेटी गाडी सुरू करणार कशी? जुनी युक्ती म्हणजे दुसरी किल्ली डॅशबोर्डखाली कायमची लपवून ठेवणे. घराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातलाच हा प्रकार. भाच्याने त्याऐवजी एक लहान मॉड्यूल लावले. ते गाडीच्या संगणकाशी त्याच्याच भाषेत बोलते आणि फक्त दुरून सुरू करण्यापुरतीच परवानगी मिळवते.

दुपारी दोनच्या सुमारास गाडी बटणावर सुरू झाली. मला वाटले, काम झाले. भाचा म्हणाला, ‘‘मामा, आता खरे काम सुरू.’’ संध्याकाळपर्यंत तो जे करीत होता ते सारे गाडी सुरू होऊ नये यासाठी होते!

याचा उलगडा हँडलच्या आठवणीने होतो. हँडल मारणारा माणूस गाडीसमोर उभा असे. चाकाखाली कोण आहे, गाडी कोठे उभी आहे, हे त्याला दिसे. किल्ली फिरवणारा आत बसलेला असतो. गिअर कोणता, हँडब्रेक ओढला आहे का, हे त्याला हाताने कळते. बटण दाबणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. तेव्हा त्याचे डोळे आणि हात यांच्या बदली काहीतरी पेटीला द्यावे लागते.

म्हणून बॉनेटखाली एक लहान खटका बसवतात. बॉनेट उघडे असेल तर पेटी एंजिनाला हात लावीत नाही. कोणी पट्ट्यात हात घालून काम करीत असेल आणि घरातून कोणी बटण दाबले तर? ब्रेकच्या पेडलची एक वायर पेटीला जोडतात. खाचेत किल्ली न घालता कोणी ब्रेक दाबला की एंजिन बंद पडते, त्यामुळे चालू गाडी पाहून आत शिरलेल्या चोराची निराशा होते. एंजिनाच्या फेऱ्यांचा संकेत पेटीला देतात, म्हणजे एंजिन पेटताच ती स्टार्टर सोडते, आणि ते पेटलेच नाही तर बॅटरी संपेपर्यंत दळत बसत नाही. शेवटी घड्याळ लावतात, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत कोणी आले नाही तर एंजिन आपोआप बंद.

हे शेवटचे घड्याळ शोभेचे नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. घराला जोडलेल्या बंद गॅरेजात गाडी कधीही अशी सुरू करू नये. बर्फाने धुराची नळी बुजली तरी हाच धोका. जानेवारी २०१६ च्या हिमवादळात न्यूजर्सीतील पसेइक गावी उबेसाठी चालू ठेवलेल्या गाडीत एक आई आणि तिचे तान्हे मूल गेले. नळी बर्फात गाडली गेली होती. त्या गाडीत कोणी दुरून बटण दाबले नव्हते, पण ज्याला नळी दिसत नाही अशा माणसाच्या हाती बटण देताना हा प्रसंग आठवावा.

आता आपल्याकडची गोष्ट. आपल्याला बर्फाची भीती नाही, उन्हाची आहे. वैशाखात तापलेली गाडी आधीच थंड करून ठेवण्याचा मोह कोणाला होणार नाही? २०१९ च्या सुमारास आपल्याकडेही कारखान्यातून ही सोय असलेल्या गाड्या आल्या आणि बाजारात सुट्या पेट्याही मिळतात. अडचण अशी की भाच्याची गाडी स्वयंचलित गिअरची होती. ती ‘पार्क’मध्ये नसेल तर सुरूच होत नाही. आपल्या बहुसंख्य गाड्यांचे गिअर हाताने टाकायचे, आणि उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायची आपली जुनी, शहाणपणाची सवय. अशा गाडीचा स्टार्टर फिरला की गाडी पुढे झेप घेते. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून काही गाड्यांत खटका असतो. घाईतला मेकॅनिक नेमका तोच खटका वायर जोडून निकामी करतो.

यावर चांगल्या पेट्यांत एक सुंदर तोड आहे. रात्री गाडी लावताना चालकाने एंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रल करायचा, हँडब्रेक ओढायचा आणि किल्ली काढायची. पेटी एंजिन चालूच ठेवते. चालक खाली उतरून दार लावतो, मगच एंजिन थांबते. बसलेल्या माणसाला गाडी गिअरमध्ये ठेवून हे सारे करताच येत नाही, म्हणून गिअर न्यूट्रल असल्याची पेटीची खात्री पटते. त्यानंतर एखादे दार उघडले की ती खात्री रद्द. सकाळी बटण कितीही दाबा. आतल्या पिशवीसाठी पोराने दार उघडले तरी सारे पुन्हा करावे लागते, आणि याच कटकटीला कंटाळून लोक दाराची वायर तोडायला सांगतात. त्यांना मोटार वाहन कायद्याचे (१९८८) १२६ वे कलम वाचायला द्यावे. सार्वजनिक जागी गाडी उभी करताना आसनावर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा चालकाच्या गैरहजेरीत गाडी अपघाताने हलणार नाही अशी अन्य तजवीज हवी, असे ते सांगते. दाराची वायर ही त्या तजविजीतलीच.

विनिपेगला त्या संध्याकाळी भाच्याने बॉनेट उघडले, मला खिडकीशी उभे केले आणि बटण दाबायला सांगितले. मी दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. गाडीचे दिवे दोनदा मिचकावले आणि विझले. ‘‘छान!’’ असे म्हणून त्याने बॉनेट लावले आणि हात धुवायला आत आला.