कामगारांच्या वतीने बोलायचं कुणी?

परळ, लालबाग, वरळी हे मुंबईचे भाग आज उंच टॉवरांनी भरले आहेत. पण तिथल्या एखाद्या आजोबांना विचारा, ते या भागाला 'गिरणगाव'च म्हणतील. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्या इतक्या वाढल्या, की भोंग्यावर सगळ्या वस्तीचं घड्याळ चाले! चाळीतल्या एकाच खोलीत दहा-बारा जण राहत. एक पाळीवर गेला, की त्याच्या जागी दुसरा झोपे.

१८ जानेवारी १९८२ रोजी या गिरण्यांत शुकशुकाट झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांना पगारवाढ हवी होती आणि बदली कामगारांना कायम करून हवं होतं. बदली कामगार म्हणजे कोण? तो रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभा राही. कायम कामगारांपैकी कुणी गैरहजर असेल तरच त्याला काम मिळे, नाही तर हात हलवत घरी. कित्येकांची अशीच वर्षं गेली.

पण खरी गाठ कायद्यात होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका भागातल्या एका उद्योगात एकच युनियन 'प्रातिनिधिक' ठरे आणि मालकांशी करार तीच करी. गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. आता समजा, वर्गातल्या बहुतेक मुलांना वाटतंय, की आपलं म्हणणं दुसऱ्याच कुणी मांडावं. पण बाई म्हणतात, "माझ्या वहीत मॉनिटर म्हणून ज्याचं नाव आहे, त्याच्याशीच मी बोलणार." मग काय करायचं? इथे तेच झालं. बोनसवरून चिडलेले स्टँडर्ड मिलचे कामगार १९८१ मध्येच डॉ. दत्ता सामंतांच्या घाटकोपरच्या घरी गेले होते. मालक सामंतांशी बोलेनात. सरकारही कायद्याकडे बोट दाखवी. म्हणून हा कायदाच रद्द करा, अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही, उलट संप बेकायदा ठरला.

वर्ष उलटलं, तरी तोडगा नाही. कुणी कोकणात, कुणी सातारा-कोल्हापूरकडे गावी परतलं. कुणी भाजीची गाडी लावली. संप मागे घेतल्याची घोषणा मात्र कधीच झाली नाही! हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतलं गेलं नाही.

पुढे भांडण लागलं ते गिरण्यांच्या जमिनीवरून. १९९१ चा नियम असा, की गिरणीची जागा विकसित करायची तर साधारण एक वाटा महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. फक्त मोकळ्या जागेचीच वाटणी करायची, शेडखालची जागा त्यात धरायची नाही. म्हणजे वाटायची भाकरीच लहान झाली! प्रकरण कोर्टात गेलं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शेड पाडून मोकळी होणारी जागाही वाटणीत धरा, असं सांगितलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरं बांधली गेली. त्यांची सोडत २०१२ मध्ये निघाली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. कामगार हयात नसेल तर घर वारसाला मिळतं. हजारो अर्जदार अजून थांबलेलेच आहेत.