वाइन कूलर थांबतच नाही? आधी सेन्सर बघा

मागच्या महिन्यात आमच्या वाइन कूलरनं डोकं खाल्लं. सेटिंग 12 डिग्री, डिस्प्लेवर 18, आणि आतल्या बाटल्या पार गारठलेल्या! कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. मेकॅनिक म्हणाला, "बोर्ड गेलाय, नवीन टाका." म्हटलं, थांबा दादा.

ग्लासभर पाण्यात थर्मामीटर घालून रात्रभर आत ठेवला. सकाळी 5 डिग्री! म्हणजे मशीन थंड करतंय, पण त्याला ते कळतच नाहीये.

आतला सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. गारवा वाढला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. प्लग काढला (हे आधी, हं!), सेन्सरचा कनेक्टर सोडवला, टोक बर्फाच्या पाण्यात बुडवून मल्टीमीटर लावला. आमचा सेन्सर 25 डिग्रीला 10 हजार ओमवाला. शून्याला 30 हजारांच्या आसपास दाखवायला हवा. दाखवले 16 हजार. म्हणजे साधारण 15 डिग्री! बोर्ड बिचारा ऐकीव माहितीवर पळत होता. बहुतेक सेन्सरमध्ये ओल शिरली असावी.

उलटंही होतं. वायर तुटली तर रेझिस्टन्स अफाट, बोर्डला वाटतं आत कडाक्याची थंडी आहे, आणि कूलर चालूच होत नाही किंवा एरर दाखवतो.

काही मशीनमध्ये 5 हजारवाला सेन्सरही असतो, त्यामुळे नवीन घेताना तीच व्हॅल्यू मागा. आम्ही सेन्सर बदलला. बोर्ड जुनाच आहे.