घरी पाहिलेला पिक्चर आणि आपले मत

रविवारी संध्याकाळी आमच्या घरी चार-सहा माणसे जमतात. सभा वगैरे काही नसते. चहा होतो, आणि आठवडाभरात ज्याने जो पिक्चर घरी पाहिला असेल त्यावर तो बोलतो. कोणी टीव्हीवर पाहिलेला असतो, कोणी हातातल्या मोबाईलवर, कोणी निम्मा पाहून झोपलेला असतो. महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेला माझा चुलतभाऊ असतो. एका रुग्णालयात आया म्हणून सारी उमेद घालवलेली, आता ऐंशीकडे झुकलेली मावशी असते. अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या असतो, माझी पत्नी असते. चित्रपटसमीक्षक त्यांच्यात कोणी नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवले म्हणून ही मंडळी मला थोडा मान देतात आणि लगेच माझे म्हणणे खोडून काढतात.

या बैठकीविषयी ऐकून एका प्राध्यापक मित्राने मला विचारले, "पण याला मत म्हणायचे का? मताला निकष लागतात. 'रडू आले', 'बंद केला' ही प्रतिक्रिया झाली." मला हसू आले. दलित साहित्यालाही एके काळी हेच विचारले गेले होते. वेदना आहे, पण कला कुठे आहे? तेव्हा आपण उत्तर दिले. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण अजून गप्प आहोत. कथा-कवितेवर आपण पानेच्या पाने लिहिली. आपली माणसे रोज रात्री जे पाहतात आणि त्यावर जे बोलतात, त्याची नोंद आपण केली नाही. म्हणून हा लेख.

मत माणसाच्या डोक्यात तयार होते, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. माणूस ज्या घरात बसून पिक्चर पाहतो, त्या घराचा त्याच्या मतात मोठा वाटा असतो. आणि घरात बसून पिक्चर पाहणे ही गोष्टच मुळी आमच्याकडे दुसऱ्याच्या घरातून आली.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. शनिवारी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी. आमच्या चाळीत टीव्ही नव्हता. तो पलीकडच्या इमारतीत एका हेडक्लार्कच्या घरी होता. त्या इमारतीतली मुले आत सतरंजीवर बसत, आम्ही उंबऱ्याबाहेर गॅलरीत. आत येऊ नका असे कोणी कधी म्हटले नाही. म्हणण्याची गरज नव्हती. उंबरा कुठे आहे हे आम्हाला ठाऊक होते. बिमल रॉय यांचा 'सुजाता' (१९५९) मी त्या गॅलरीतून पाहिला. अस्पृश्य आईबापांची पोरकी मुलगी ब्राह्मण घरात वाढते. घर तिला 'मुलीसारखी' म्हणते, 'मुलगी' म्हणत नाही. शेवटी घरची आई जिन्यावरून पडते, तिला सुजाताचे रक्त द्यावे लागते, आणि मग त्या आईचे मन पालटते. आतल्या काकू डोळे पुसत होत्या. मीही रडलो. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या ध्यानात आले की मी सुजातासाठी रडलोच नव्हतो. मी त्या घरातली आई वाचली म्हणून रडलो होतो. कॅमेरा त्या घरात बसलेला होता, आणि बाहेर गॅलरीत बसून मीही त्याच्याबरोबर आत जाऊन बसलो होतो. रक्त देऊन माणूसपण सिद्ध करावे लागते, हे त्या वयात मला खटकले नाही.

दुसरी आठवण 'सद्गती'ची. प्रेमचंदांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला हा लहानसा चित्रपट. दुखी नावाचा चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला आधी झाडलोट सांगतो, मग एक गाठाळ ओंडका फोडायला सांगतो. दुखी उपाशीपोटी घाव घालत राहतो आणि तिथेच मरतो. प्रेताला हात कोण लावणार? शेवटी पंडित दोरीचा फास त्याच्या पायात अडकवून ते ओढत नेतो. वडील त्या हेडक्लार्कच्याच कचेरीत पट्टेवाले होते. त्या दिवशी त्यांना आत बोलावले होते. ते दाराजवळ भिंतीला टेकून बसले होते. चित्रपट संपला तेव्हा घरमालक म्हणाले, "ओम पुरीनं काय काम केलंय! वा!" वडील म्हणाले, "हो साहेब."

जिना उतरताना ते एवढेच बोलले, "गाठीचं लाकूड उपाशी पोटी फुटत नसतंय."

त्या घरमालकांचे मत खोटे नव्हते. ओम पुरी यांनी खरोखर अप्रतिम काम केले आहे. पण हे मत देऊन माणूस चित्रपटातून सुखरूप बाहेर पडतो. घासीराम पंडिताचे काम मोहन आगाशे यांनी तितकेच चोख केले आहे. त्या घरात त्यांच्याबद्दल कोणी शब्दही काढला नाही. का काढला नाही, हे मी सांगायला नको. वडिलांनी गावाकडे लाकडे फोडली होती. कथेचा सारा भार ज्या दोन गोष्टींवर आहे, लाकडातली गाठ आणि पोटातली भूक, त्या त्यांनी एका वाक्यात धरल्या. माझ्या प्राध्यापक मित्राला निकष हवे असतील तर ते इथे आहेत. फक्त ते घरात बोलले गेले नाहीत, जिन्यात बोलले गेले.

मधल्या काळाविषयी फार लिहीत नाही. व्हिडिओ आला, चाळीने वर्गणी काढून तो भाड्याने आणला, रात्रभर तीन-तीन पिक्चर लागले. थिएटर होतेच. थिएटरच्या अंधारात शिट्टी हे मत होते, आणि ते सामुदायिक होते. पण शिट्टीला कारण सांगावे लागत नाही. अंधारात शेजारचा कोण हेही दिसत नाही.

आता आमच्या स्वतःच्या घरात टीव्ही आहे आणि पिक्चर मध्येच थांबवता येतो. ही सोय किरकोळ वाटते, पण तिने आमच्या पाहण्यात मोठा फरक केला. पा. रंजित यांच्या 'कबाली'त (२०१६) सुरुवातीला तुरुंगात रजनीकांत एक पुस्तक वाचत असतो. पुतण्याने चित्र थांबवून नाव वाचले. वाय. बी. सत्यनारायण यांचे 'माय फादर बालय्या', तेलंगणातल्या एका दलित रेल्वे कामगार कुटुंबाची कहाणी. 'काला'त (२०१८) जीप येते, पुन्हा थांबवले. पाटीवर 'बीआर १९५६'. भीमराव रामजी, आणि धर्मांतराचे व महापरिनिर्वाणाचे ते वर्ष. थिएटरात ही जीप डोळ्यांसमोरून निघून जाते. पुतण्याला इतका आनंद झाला की, अशा खुणा शोधणे म्हणजेच पिक्चर समजणे, असे त्याला वाटू लागले.

चुलतभाऊ म्हणाला, "नंबर आपलाच हाय. पण गाडी कुठं चाललीय ते बघ की."

'काला'ची गोष्ट धारावीच्या जमिनीची आहे. वस्ती हटवू पाहणारा पुढारी शहर स्वच्छ करण्याची भाषा बोलतो. ज्याने तीस वर्षे या शहराचा कचरा उचलला, त्याला हा शब्द कसा ऐकू येत असेल? भाऊ सफाई कामगारांच्या वसाहतीत राहिला. नोकरी होती तोवर खोली होती. म्हणून जमिनीवरचे वाद त्याने कान देऊन ऐकले, आणि संपाच्या प्रसंगावर त्याचे समाधान झाले नाही. पडद्यावर कष्टकरी काम थांबवतात आणि मुंबई ठप्प होते. "आमच्या संपात पहिल्या दिवसापासनं पगार कापायचे," तो म्हणाला. "दुकानदार उधारी बंद करायचा. त्यो दुकानदार ह्यात कुठं हाय?" हे मत मी कोणत्याही परीक्षणात वाचलेले नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. २०२१ साली आलेल्या 'अजीब दास्तान्स' या चार कथांच्या चित्रपटात नीरज घायवान यांची 'गीली पुच्ची' ही कथा आहे. कारखान्यात यंत्रावर राबणारी दलित भारती, आणि तिला नाकारलेल्या टेबलावरच्या जागेवर नेमली गेलेली ब्राह्मण प्रिया. दोघींत जवळीक होते. भारती सुरुवातीला आपली जात लपवते. ती कळल्यावर प्रिया बदलते. मी हे दोनदा पाहिले होते आणि बैठकीत स्त्रियांच्या मैत्रीवर, नोकरीतल्या जातीवर बरेच बोललो. पत्नी म्हणाली, "कप नाही बघितलात तुम्ही?"

चित्र मागे नेले. प्रियाच्या घरी चहा येतो. इतरांना चिनी मातीचे कप, भारतीला स्टीलचा. कॅमेरा त्याचा गाजावाजा करत नाही. मी दोनदा पाहून मला दिसला नव्हता. हिला पहिल्या खेपेला दिसला. कसा दिसला, असे पुतण्याने विचारले तेव्हा तिने लग्नाआधीची एक हकीकत सांगितली. एका मैत्रिणीच्या घरी ती अभ्यासाला जात असे. तिथे तिचा कप फडताळात नसे, मोरीजवळच्या कोनाड्यात असे. चाळीस वर्षांच्या आमच्या संसारात ही गोष्ट तिने मला सांगितलेली नव्हती. मी विचारली नव्हती, हेही खरे. पिक्चर नसता, आणि तो आमच्या घरात थांबवता आला नसता, तर ती तशीच राहिली असती.

सर्वांत मोठा वाद झाला तो 'जय भीम'वर. टी. जे. ज्ञानवेल यांचा हा तमिळ चित्रपट २ नोव्हेंबर २०२१ रोजी थेट घराघरांतल्या पडद्यावर आला. आम्ही हिंदीतून पाहिला. सुरुवातच जबरदस्त आहे. तुरुंगाच्या दारात सुटून आलेल्यांना जात विचारतात. वरच्या जातींचे घरी जातात, आदिवासी आणि दलित यांना जुन्या गुन्ह्यांत अडकवायला पोलीस पुन्हा घेऊन जातात. पुढे चोरीच्या खोट्या आरोपाखाली पकडलेल्या इरुलर जमातीच्या राजाकन्नूला कोठडीत मरेपर्यंत मारतात, आणि त्याच्या गरोदर बायकोच्या बाजूने चंद्रू वकील उच्च न्यायालयात लढतो. हे १९९३ सालच्या एका खऱ्या प्रकरणावर आधारलेले आहे. पुतण्या भारावला होता. मीही चांगले बोललो. मावशी म्हणाली, "मी बंद केला."

"कुठं?"

"कोठडीत मारायला लागले तिथं."

"पण आजी, पुढं न्याय मिळतो."

"मिळत आसंल." मावशी थोडा वेळ थांबली. "पोलीस आणून टाकायचे आमच्याकडं आसली माणसं. आंग पुसायचं काम माझं होतं. मला पटावं म्हणून दाखवलं व्हय हे? मला पटलेलंच हाय की."

पुतण्याकडेही उत्तर होते. त्याच्या वसतिगृहातला खोलीतला मित्र, असे काही आता होत नाही असे वर्षभर सांगणारा, हा पिक्चर पाहून रात्री उशिरापर्यंत गप्प बसून होता. म्हणजे ती मारहाण त्या मित्रासाठी होती. मग प्रश्न असा उरतो की, त्याला पटवण्यासाठी आमच्या अंगावरचे वळ किती वेळा दाखवायचे? आणि न दाखवले तर त्याला पटणार कसे? मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. माझे मत मावशीकडे झुकते, पण पुतण्याचा मित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एक मात्र मला स्पष्ट दिसते. बंद करणे हेही मत आहे. थिएटरात मावशी उठून जाऊ शकली नसती. ओळीतल्या दहा जणांचे गुडघे ओलांडायला लागले असते. घरात तिच्या हातात बटण होते आणि तिने ते दाबले.

तीच मावशी नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) तीनदा पाहून बसली आहे. त्यातही अपमान थोडाथोडका नाही. डुक्कर पकडायला धावणारे कुटुंब आणि भोवती हसणारे गाव. बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरून जातात, त्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. तरी ती बघते. का? "त्यात पोरगं दगड मारतंय," ती म्हणाली. जब्याने भिरकावलेला तो दगड सरळ पडद्याकडे येतो आणि अंधार होतो.

चुलतभाऊ म्हणाला, "त्यो दगड आपल्याला न्हाई. त्यो गावाला."

थिएटरात असे म्हणता आले असते. तिथे चारशे माणसे असतात, दगड कोणाचाही असू शकतो. आमच्या खोलीत आम्ही पाचच जण होतो आणि ट्यूबलाईट चालू होती. पत्नी म्हणाली, "जब्या कैकाड्याचा आहे, भावजी. तुमच्या वसाहतीमागं कैकाड्यांची वस्ती होती. जयंतीला वर्गणी आणायला जायचात ना? त्यांच्यातली सून कोणी केली का?" भाऊ काही बोलला नाही. उतरंडीविषयी बाबासाहेबांनी काय सांगितले ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. मी त्यावर व्याख्यानेही दिली आहेत. मग पत्नी माझ्याकडे वळली, "आणि 'जय भीम' नाव बघून आपण पिक्चर आपला म्हटला. तो इरुलरांचा आहे. आपण तर त्यांचं नावही आधी ऐकलं नव्हतं." मला ते मान्य करावे लागले. माझ्या बोलण्यात 'आपण' हा शब्द किती वेळा आला होता, ते मी नंतर आठवून पाहिले.

पुढच्या रविवारी मावशी लवकर आली. पुतण्याला म्हणाली, "त्या पिक्चरात शेवटी पोरगी खुर्चीवर बसती म्हणत्यात. तेवढंच दाव." त्याने मोबाईलवर मधला सगळा भाग ओलांडून तो प्रसंग लावला. राजाकन्नूची लहानगी वकिलासमोरच्या खुर्चीत बसते, वर्तमानपत्र उचलते, बिचकते, आणि मग त्याच्यासारखीच पायावर पाय टाकते. मावशीने ते दोनदा लावायला सांगितले. तिसऱ्यांदा चित्र थांबवायला सांगून मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"वाचती का रं ती," तिने विचारले, "का नुसता धरलाय पेपर?"

पुतण्या चित्र मोठे करू लागला.